मडगार्डात घातलेलं मुसळ

मी एक जुनं मुसळ आहे. मित्रांनो, तुमच्यातल्या पुष्कळांनी मला लग्नाच्या मांडवातच काय ते पाहिलं असेल, तेही हळद कांडताना, गळ्यात आंब्याची पानं बांधलेली असताना. बाभळीच्या गाभ्याचं माझं अंग, मुठीत मावेल अशी बारीक कंबर आणि तळाला लोखंडी कडं. ज्या पावसाला माणसांनी माझं नाव दिलंय तो आमच्या उमापूरकडे चुकूनमाकूनच येतो, पण त्याचं गाऱ्हाणं सांगायला मी बसलेलो नाही. मला राग आलाय तो वेगळ्याच गोष्टीचा, आणि तो मी आधीच सांगून टाकतो. मला एकदा मोटारीच्या मडगार्डात घातलं होतं. होय, मडगार्डात. मुसळाला!

पण सुरुवातीपासून सांगतो, म्हणजे माझा राग तुम्हाला पटेल. मला घडवलं त्रिंबक सुताराने. तेव्हा त्याला नुकतं मिसरूड फुटलं होतं आणि मी त्याच्या हातचं पहिलं मोठं काम. शिवेवरची एक वठलेली बाभूळ त्याने निवडली, तिचा गाभा तासला, आणि मग माझ्या पहिल्या मालकिणीला, सारजाबाईला, अंगणात उभं केलं. मुसळ बाईच्या उंचीला बेतायचं असतं, ही गोष्ट आता किती जणांना ठाऊक आहे? लांबी कमी पडली तर प्रत्येक घावाला बाईला वाकावं लागतं आणि वर्षभरात तिची कंबर धरते. त्रिंबकने सारजाबाईला हात वर करायला लावले, खाली आणायला लावले, कोळशाने खूण केली आणि म्हणाला, "वयनी, आता म्हातारी व्हस्तोर वाकायचं काम न्हाई."

बहात्तरच्या दुष्काळात मी जे काम केलं, तसं पुन्हा केलं नाही. दिवसभर सारजाबाई खडी फोडायला जायची आणि संध्याकाळी रेशनची लाल मिलो ज्वारी घेऊन यायची. ती मिलो म्हणजे नुसतं टरफल. कांडल्याशिवाय पोरांच्या घशाखाली उतरत नसे. आळीतल्या सगळ्या बायका आपापली मिलो घेऊन आमच्या उखळापाशी येत, आणि कोणी कोणाला पहिली कोण म्हणून अडवत नसे. दोघी दोघी समोरासमोर उभ्या राहून आळीपाळीने कांडत. पोटात काही नसताना त्या बायका ओव्या कुठून काढत होत्या, हे मला आजही उमगलेलं नाही. तेव्हा कांडण आटोपलं की सारजाबाई मला पदराने पुसून कोपऱ्यात उभं करायची. आडवं टाकत नसे, कारण आडवं टाकलं तर कोणीतरी ओलांडेल. मुसळ ओलांडू नये, उखळावर बसू नये, हे तेव्हा घरातल्या शेंबड्या पोरालाही कळत होतं.

पुढे पिठाची गिरणी आली. मग मिरची कांडायचं यंत्र आलं. मला गोठ्याच्या दाराला अडसर म्हणून लावलं. माझ्यावर कोंबड्या बसल्या, त्याबद्दल मी काही बोलणार नाही, कोंबडीला काय कळतं? वर्षातून दोनचार लग्नं असली की हळदीकुंकू लावून मला बोलावून न्यायचे, तेवढाच मान. सारजाबाई गेली. तिची सून गीताबाई माझी मालकीण झाली. त्या सासूसुनेचं आयुष्यभर कशात जमलं नाही, उंची मात्र अगदी जमली. पहिल्यांदा तिने मला हातात घेतलं तेव्हा मला वाटलं सारजाबाईच परत आली.

मग पुन्हा दुष्काळ पडला. या वेळचा दुष्काळ मोबाइलवाला होता, पण पाणी टँकरचंच. गावातली जनावरं चारा छावणीत गेली आणि दूध संस्थेची संकलनाची खोली ओस पडली. कॅन पालथे, वजनकाट्यावर धूळ. घरात रिकामं बसून गीताबाईचा जीव कासावीस व्हायचा. तिने शेजारच्या छबुबाईला आणि आणखी काही जणींना गोळा केलं आणि हाताने कांडलेला काळा मसाला करायचं ठरवलं. यंत्रात मिरची जळते आणि हाताने कांडलेल्या मसाल्याचा वास घरभर होतो, हे बीडच्या लोकांनाही ठाऊक होतं. जागेचा प्रश्न आला तेव्हा संस्थेचे चेअरमन भगवानराव मोठ्या मनाने म्हणाले, "संस्थेची खोली रिकामीच हाय की. बसा तिथं." फोटो काढला. फोटोत भगवानराव मधोमध आणि मी त्यांच्या हातात. मला त्यांनी उलटं धरलं होतं.

असो. दगडी उखळ खोलीत रोवलं आणि मी पुन्हा कामाला लागलो. मिरची, धने, खोबरं, दगडफूल! कितीतरी वर्षांनी माझ्या कड्याला चकाकी आली. गीताबाई मसाल्याची पिशवी घेऊन एसटीने बीडला जायची आणि रिकामी पिशवी घेऊन परत यायची. छबुबाईच्या घरी बंद पडलेला चहा पुन्हा सुरू झाला. दुष्काळ होता तसाच होता, पण त्या खोलीतल्या बायका आता मान वर करून चालत होत्या. सगळ्या मिळून आमचं मुसळ एकच. गावात आणखी दोन होती, त्यातलं एक चुलीत गेलं होतं आणि दुसऱ्याला वाळवी लागली होती.

आता येतात ते रुंद टायर.

भगवानरावांकडे एक पांढरी जीपगाडी होती. चांगली होती, चालत होती. पण छावणीच्या उद्घाटनाला तालुक्यातले बाकीचे चेअरमन आले, आणि त्यांच्या गाड्यांचे टायर रुंद, काळेभोर, मडगार्डाच्या बाहेर आलेले. भगवानरावांची झोप उडाली. गावात जनावराला चारा नाही, माणसाला पाणी नाही, आणि या गृहस्थांना टायर बारीक असल्याचं दुःख! आठवड्याभरात त्यांच्या गाडीला हातभर रुंद टायर बसले. गाडी उभी असली की रेड्यासारखी दिसायची. चालू लागली की मात्र खर्र, खर्र. मडगार्डाच्या आतल्या बाजूला पत्र्याचा जो काठ असतो, तो त्या टायरांना घासत होता. काठ आत दुमडल्याशिवाय ते टायर चालणार नव्हते.

भगवानरावांचा ड्रायव्हर सुग्रीव. तसा मनाने वाईट नाही, पण मोबाइलमध्ये दिसलं की आपल्यालाही येतं अशी त्याची पक्की समजूत. बीडला पत्रा ठोकणाऱ्या डेंटरकडे त्यासाठी यंत्र असतं, पण तिथे गाडी ठेवून यावी लागली असती, आणि चेअरमनला गाडीशिवाय एक दिवस निघत नव्हता. सुग्रीवने मोबाइलमध्ये कुठल्याशा देशातला एक माणूस पाहिला. त्याने टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये एक गोल लाकडी दांडा घातला, गाडी मागेपुढे ढकलली आणि दांड्याच्या दाबाने काठ आत वळला. सुग्रीव उठला. गोल, टणक, कंबरेत बारीक असं लाकूड गावात कुठे आहे, याचा त्याने विचार केला. आणि विचार करायची त्याची ती पहिलीच वेळ माझ्या मुळावर आली.

त्या दिवशी दुपारी टँकर आला. टँकर आला म्हणजे काय होतं ते दुष्काळात राहिलेल्यालाच कळेल. बायकांनी हातातलं तिथेच टाकलं आणि घागरी घेऊन पळाल्या. मी उखळात तसाच उभा, अंगाला मिरची लागलेली. सुग्रीव आत आला आणि मला उचलून घेऊन गेला. विचारलं कोणाला? कोणालाही नाही.

पारावरची चार माणसं गाडी ढकलायला जमली होती. रंग उडू नये म्हणून पत्रा आधी गरम करावा लागतो, असंही मोबाइलमध्ये दाखवलं होतं. त्यासाठी सुग्रीवने काय करावं? चेअरमनच्या घरून हंडाभर कढत पाणी आणलं आणि मडगार्डावर ओतलं! तिकडे टँकरच्या नळीखाली बायका एका घागरीसाठी एकमेकींना कोपरं मारत होत्या आणि इथे गाडीच्या पत्र्याला आंघोळ चालली होती. पाणी मातीत जिरलं. ते बघून ढकलणाऱ्यांपैकी एकाने मान खाली घातली.

मग मला टायर आणि पत्रा यांच्यामध्ये खुपसलं.

"ढकला बे!" सुग्रीव ओरडला. गाडी पुढे गेली. मी टायरवर गरगरलो आणि पत्र्याच्या काठावर माझं सगळं अंग दाबलं गेलं. "आता मागं! लई दम लावा!" गाडी मागे आली. पुन्हा पुढे. काठ वळत होता, थोडा थोडा आत दुमडत होता. मिलोचं टरफल ज्याने सोललं, नवऱ्या मुलींची हळद ज्याने कांडली, तो मी रबराच्या काळ्या घाणीत लोळत होतो. मला नीट धरता येईना म्हणून सुग्रीवने मला एकदा खाली टाकलं आणि पाना आणायला निघाला तो थेट माझ्यावरून, टांग टाकून. एवढी माणसं उभी होती. एकाच्याही तोंडून "अरे" निघालं नाही.

पुढची दोन चाकं झाली. मागचं उजवं झालं. मागच्या डाव्या चाकाला त्यांनी मला उलट्या अंगाने घातलं. माझं कडं आतल्या लोखंडात अडकलं. मी फिरेना. "अडकलं जणू," कोणीतरी म्हणालं. "अडकत न्हाई, ढकल बे तू," सुग्रीव म्हणाला. त्यांनी ढकललं. माझ्या आतून कडकन आवाज आला आणि कड्यापासून वीतभर वर मी उभा चिरलो.

डोक्यावर घागर घेऊन गीताबाई वळणावर आली तेव्हा मी धुळीत आडवा पडलो होतो आणि सुग्रीवचा एक पाय माझ्यावर होता. तिने घागर खाली ठेवली. अजिबात न सांडता ठेवली. मग आली आणि म्हणाली, "पाय काढ."

"काकू, जरासं काम हुतं—"

"आधी पाय काढ मेल्या!"

त्याने पाय काढला. तिने मला उचललं, चिरेवरून बोट फिरवलं, बोटाला लागलेलं काळं पाहिलं. तेवढ्यात आवाज ऐकून भगवानराव बाहेर आले. पांढरे कपडे, हातात मोबाइल.

"काय झालं गीताकाकू? कावून एवढा आरडाओरडा?"

"माझं मुसळ तुमच्या गाडीत कावून घातलं, ते आधी सांगा."

"अहो, लाकूड ते! सुताराला सांगतो, दुसरं करून देईल. दुष्काळात माणसानं माणसाला धरून ऱ्हावं. मी न्हाई का तुमाला खोली दिली?"

मित्रांनो, त्या क्षणी गीताबाईच्या हातात मी होतो, आणि मनात आणलं असतं तर माझं एक काम तिथेच झालं असतं. पण ती बाई शहाणी. ती म्हणाली, "खोली तुमी दिली? खोली संस्थेची हाय. अन संस्था कुणाच्या दुधावर उभी ऱ्हायली? पहाटं उठून धारा कुणी काढल्या? माझ्या म्हशीच्या दुधाची भिंत हाय ती, छबुबाईच्या गाईच्या दुधाचा पत्रा हाय वरचा. तुमी फकस्त फोटो काढला."

टँकरवरून परतणाऱ्या बायका एकेक करून मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या. डोक्यावर घागरी. भगवानरावांनी घसा खाकरला, "बरं बरं, बघू," म्हणाले आणि आत गेले. माफी? छे. माफी मागायला तोंड उघडावं लागतं.

मला त्रिंबककडे नेलं. त्याला आता धड दिसत नव्हतं, त्याने मला हातांनीच ओळखलं. बराच वेळ चाचपून म्हणाला, "चीर वर चढंल. कापावं लागंल." दुसरं मुसळ करायचं तर तेवढ्या गाभ्याची बाभूळ शिवारात उरली नव्हती, सगळी सरपणाला गेली होती. त्याने माझा वीतभर तुकडा कापला आणि कडं वर चढवून पुन्हा ठोकलं. गीताबाईने ज्या हौदातून एक तांब्या काढताना दहादा विचार केला असता, त्यातल्या पाण्याने मला धुतलं. राखेने घासलं, पुन्हा धुतलं. बायका पुन्हा कांडायला लागल्या.

पण आता मी आखूड. कुठल्याच बाईच्या उंचीला मी बसत नव्हतो. प्रत्येक घावाला त्या वाकायच्या. छबुबाई तर पायलीभर मिरची झाली की भिंतीला पाठ लावून बसायची आणि डोळे मिटायची. हे मला सहन होत नव्हतं. चूक कोणाची आणि कंबर कोणाची धरली?

आणि गाडीचं ऐका. मागच्या डाव्या मडगार्डाचा काठ अर्धवट वळून टायरकडे तोंड करून राहिला होता. रिकामी गाडी छान चालायची. मागे माणूस बसला की गाडी दबायची आणि काठ टायर कापायला लागायचा. सुग्रीवने रिकाम्या गाडीवर सगळा कारभार केला होता, गाडीत माणसं बसतात हे त्याच्या मोबाइलमध्ये दाखवलं नसावं. त्यामुळे रेड्यासारख्या गाडीतून भगवानराव पुढे एकटे आणि त्यांची माणसं मागून एसटीने, असं सुरू झालं. छावणी बघायला बीडहून एक मोठे पुढारी आले आणि "चला, तुमच्याच गाडीतून जाऊ," म्हणत दार उघडायला लागले, तेव्हा भगवानराव दाराला पाठ लावून उभे राहिले. ते पुढारी दुसऱ्या कोणाच्या गाडीत बसले. ही हकिकत ऐकून खोलीतल्या बायका इतक्या हसल्या, की मिरचीचा ठसका लागला.

सुग्रीव एकदा दाराशी येऊन घुटमळला होता. "काकू, एकच चाक ऱ्हायलंय," म्हणाला. गीताबाईने मला उचलून आपल्या मागे उभं केलं. तो गेला.

मग भगवानरावांच्या मुलीचं लग्न निघालं. टँकरच्या पाण्यावर का होईना, लग्न ते लग्न, आणि मांडवात हळद कांडायला मुसळ लागतंच. गावात मी एकटा. चेअरमनची बायको साखराबाई ताटात हळदीकुंकू आणि सुपारी घेऊन स्वतः आली. बाई बिचारी साधी. तिने मला हळदकुंकू लावलं, नमस्कार केला आणि म्हणाली, "गीताकाकू, मुसळ न्यायला गाडी पाठवते."

छबुबाई पटकन म्हणाली, "न्हाई द्यायचं!" पण गीताबाईने तिला थांबवलं. हळदीला मुसळ नाही म्हणायचं नसतं. ती म्हणाली, "पोरीच्या हळदीला मी आडवी येणार न्हाई, साखराबाई. पण ते गाडीतून जाणार न्हाई. गाडीत एकदा गेलतं, तेवढं पुरं. चेअरमनसाहेबांना म्हणावं, खांद्यावर घेऊन जा."

साखराबाईने वर पाहिलं. तिला सगळं ठाऊक नसावं, पण काहीतरी तिला कळलं. ताट घेऊन ती गेली.

भगवानराव आले. येणार नाहीत असं मला वाटलं होतं. पण घरातल्या बायकांपुढे कोणत्या चेअरमनचं चालतं? त्यांनी मला खांद्यावर घेतलं. त्या दिवशी नेमका टँकर आला होता आणि वेशीपासून शाळेपर्यंत बायकांची रांग लागली होती. त्या रांगेच्या कडेने, पांढऱ्या शर्टाच्या खांद्यावर मला घेऊन भगवानराव चालत गेले. कोणी हसलं नाही. सगळ्या बघत होत्या, एवढंच. मी त्यांच्या खांद्यावर जितकं जड होता येईल तितका जड झालो.

मांडवात उखळ मांडलं, मला आंब्याची पानं बांधली. नवऱ्या मुलीची आई म्हणून साखराबाईने पहिला घाव घातला. वाकून. दुसरा घातला, वाकून. पाचव्या घावाला तिने कंबरेवर हात ठेवला आणि विचारलं, "अगं बया, हे एवढं आखूड कसं काय?"

 गीताबाई हळकुंड निवडत होती, तिने मान वर केली नाही. साखराबाईने पदराने घाम पुसत नवऱ्याकडे पाहिलं. भगवानराव मांडवाच्या खांबाला धरून उभे होते. ते म्हणाले, "माझ्या गाडीपायी तुटलं ते."

एवढंच. पण मांडवातल्या सगळ्यांनी ऐकलं.

त्यानंतर रुंद टायर निघाले. ते छावणीच्या फाटकाशी पडलेत, त्यांत शेळ्या बसतात. गाडीला पुन्हा जुने बारीक टायर आहेत आणि दुमडलेला पत्रा मात्र तसाच आहे, कारण एकदा वळलेला काठ सरळ होत नाही. माझी कापलेली वीतही परत येत नाही.

माझा राग गेला का, असं विचाराल तर नाही गेला. मित्रांनो, तुमच्या घरात, शेजारी, गावात ज्या जुन्या वस्तू कोपऱ्यात उभ्या दिसतात, त्या रिकाम्या आहेत असं समजून उचलू नका. त्या कोणाच्या तरी उंचीला बेतलेल्या असतात. उचलायच्या आधी त्या बाईला विचारा. ती टँकरवर गेली असेल, तर येईपर्यंत थांबा. आणि कधी उमापूरला आलात, तर दूध संस्थेच्या खोलीत डोकावून बघा. छबुबाई कांडत असेल. तिच्या हातात मी असेन, आणि ती वाकलेली असेल.